धवलेरीची गोळी

माझं लग्न झालं तेव्हा माझी मुलगी पहिलीत होती. वर्गात उभी राहून तिनं बाईंना सांगितलं, "मी उद्यापासून नाय येणार, माझ्या आईबापाचं लगीन आहे." बाई नवीन होत्या, घाटावरच्या. संध्याकाळी त्यांनी मला दुकानात गाठलं आणि आवाज बारीक करून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "एकदम ठीक आहे बाई, तुम्ही पण या जेवायला."

आमच्यात हे असंच चालतं. पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत पडली, घरच्यांनी मान डोलावली, की पोरगी नांदायला येते. लग्न मग सवडीनं. एखादं वर्ष भात चांगला पिकला, घरात कुणी आजारी नाही, भावकीत भांडण नाही, असा मुहूर्त सापडायला वेळ लागतो. तोवर पोरं होतात, शाळेत जातात. मी सायवनकडची, नवरा वेवजीचा. मी आले, राहिले, भात लावला, बाळंत झाले, नोकरी धरली. लग्न तेवढं राहून गेलं होतं.

आणि ते राहून जाण्याची लाज सगळ्यात जास्त कुणाला वाटावी? माझ्या सासूला. कारण ती धवलेरी. आमचं लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहिलेला असतो, चौकोनी चित्रच ते, मध्ये देवी असते, पुढं सुपात तांदूळ आणि दिवा असतो. धवलेरी त्याच्यासमोर बसून गाते. धरतरीला बोलावते, धान्याच्या कणसरीला बोलावते, डोंगरावरच्या हिमायला, वाघोबाला, एकेका देवाला हाक मारून मांडवात आणून बसवते. तिनं गायलं म्हणजे लग्न लागलं. पोथी नाही, पुस्तक नाही, सगळं गळ्यात. तलासरी तालुक्यातल्या निम्म्या पाड्यांची लग्नं माझ्या सासूनं लावली होती आणि तिच्याच घरातली सून बिनलग्नाची भाकऱ्या थापत होती. कुणी तोंडावर बोलत नव्हतं, पण हळदीला बसलेल्या बायका एकमेकींना कोपर मारायच्या, ते मला दिसायचं. तिलाही दिसायचं.

"तुझं लगीन मी लावीन आणि असं लावीन की देव परत जायचं नाव नाय घेणार," असं ती मला दर उन्हाळ्यात सांगायची. मी म्हणायची, "आय, देव राहिले तर त्यांचा पण भात शिजवावा लागेल." आमच्यात सासूला अहोजाहो नसतं. ती मला पोरी म्हणते, मी तिला आय म्हणते, आणि भांडायचं असलं की दोघीही काहीच म्हणत नाही, सरळ सुरू करतो.

आता माझी नोकरी. तलासरीला हायवेच्या बाजूला एक मेडिकल आहे, तिथं मी काउंटरला होते. बारावी सायन्स झालेली, इंग्रजी नावं वाचता यायची, एवढ्यावर शेठनी ठेवून घेतलं. शेठ फार्मसी शिकलेला, माणूस गुजराती, पण माझ्याशी मराठी, गिऱ्हाइकाशी गिऱ्हाइकाची भाषा. आमच्या दुकानात औषधाचं नाव घेऊन औषध मागणारा माणूस वर्षातून एखादा यायचा. बाकीचे "ती गुलाबी, मधोमध रेघ असलेली," "पाण्याची गोळी," "जिभेखालची," "रक्त पातळ करायची," असं मागायचे. एक आजोबा तर यायचे आणि नुसता हात छातीवर ठेवून उभे राहायचे. नवीन माणसाला वाटायचं अटॅक आला. मला माहीत होतं, त्यांना त्यांची रोजची पट्टी हवी असायची. प्रेशरच्या गोळ्या म्हणजे आमच्या दुकानाचा कांदा-बटाटा. त्यांच्याशिवाय दिवस जात नसे.

दोन हजार सोळाच्या पावसाळ्यानंतर पाड्यावरच्या शाळेत तपासणी शिबिर झालं. सासू तिथं फक्त गर्दी बघायला गेली होती. नर्सनं दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली, परत भरली. मग डॉक्टरांनी स्वतः मोजलं. मग मला बोलावलं. "तुमच्या सासूबाईंचं प्रेशर खूप आहे. चक्कर येते का? डोकं दुखतं का?" सासू म्हणाली, "डोकं हिच्यामुळं दुखतं, पण ते जुनं आहे." डॉक्टर हसले आणि एक गोळी लिहून दिली. एनालाप्रिल. रोज सकाळी एक, बंद करायची नाही. गोळी माझ्याच दुकानातली. मी दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन आले आणि चहाबरोबर तिच्या हातावर एक ठेवली. सुनेच्या दुकानाची गोळी म्हणून तिनं सुरुवातीला ती मोठ्या मानानं घेतली. शेजारणींना दाखवून घेतली.

दिवाळीनंतर खोकला सुरू झाला. कोरडा, टकटक करणारा. कफ नाही, ताप नाही, नुसता गळ्यात कुणी भाताचं कुसळ टाकल्यासारखा. दिवसभर यायचा, आणि गाणं म्हणायला तोंड उघडलं की हमखास यायचा. आम्ही काय नाही केलं! अडुळसा उकळला. आलं दिलं, मध दिला. मी दुकानातून सिरपच्या बाटल्या आणल्या, आधी लाल, मग हिरवी. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, ती स्वच्छ निघाली. भगताला दाखवलं, तो म्हणाला गळ्याला नजर लागली आहे, एवढ्या लग्नांत गाते, कुणीतरी जळत असेल. सासूला ते पटलं. कोण जळत असेल याच्यावर आम्ही दोघींनी चुलीपाशी बसून बरेच दिवस फार आनंदात काढले.

मग होळी झाली आणि लग्नसराई लागली. आणि काय आश्चर्य, पहिल्या एकदोन लग्नांत ती अडखळली आणि मग खोकला असा पळाला की जणू कधी नव्हताच. सासू या पाड्यावरून त्या पाड्यावर जात होती, गात होती, आवाज खणखणीत. पाड्यात सगळे म्हणायला लागले, देवी गळ्यात येऊन बसली, तिच्यापुढं खोकला कसला टिकतो. मीही हात जोडले. मी मेडिकलमध्ये काम करते, पण देवीशी माझं काही भांडण नाही.

पाऊस सुरू झाला, लग्नं संपली, आणि पेरणी होते न होते तोच खोकला परत हजर. सासू हिरमुसली. "देवी गेली," म्हणाली. आणि पुढच्या वैशाखात आमचं लग्न करायचं ठरलेलं होतं. नवऱ्यानं मांडवाचं बोलून ठेवलं होतं, त्या वर्षी भातही बरा होता. "पोरी, तुझ्या लग्नात माझा गळा असा राहिला तर मी चौकासमोर नाय बसणार," ती म्हणाली. "दुसरी धवलेरी बोलाव." हे बोलताना तिनं तोंड फिरवलं. मला फार वाईट वाटलं, आणि राग पण आला, कुणावर ते कळेना.

राग कुणावर काढायचा ते शिमग्याच्या आधी कळलं. दुकानात वाणगावकडचे एक रिटायर झालेले गार्ड आले. मुलीकडं तलासरीला राहायला आले होते. त्यांना खोकल्याचं सिरप हवं होतं आणि जोडीला त्यांची रोजची गोळी. मी एका हातानं सिरप काढलं, दुसऱ्या हातानं गोळीची पट्टी, तीच, एनालाप्रिल. शेठ गल्ल्यावरून म्हणाला, "काका, सिरप रहेवा दो. डॉक्टरला सांगा गोळी बदलून द्या. ही गोळी काही लोकांना खोकला देते."

मी पट्टी हातात धरून तशीच उभी. गार्ड गेले आणि मी शेठवर तुटून पडले. "शेठ! माझी सासू दीड वर्षापासून खोकते आहे! भगत झाला, थुंकी झाली, अर्धं दुकान मी सिरप म्हणून घरी नेलं, आणि तुम्ही आज सांगता?"

शेठ बिचारा चष्मा काढून बघत राहिला. "तू सिरप न्यायचीस ते मला वाटलं पोरीसाठी. सासूला गोळी चालू आहे हे मला कुठं माहीत? ती पट्टी तू सासऱ्यांच्या नावानं न्यायचीस."

ते खरं होतं. घरात रेशनपासून विजेच्या बिलापर्यंत सगळं सासऱ्यांच्या नावानं, म्हणून मी गोळी पण त्यांच्याच नावानं लिहायची. सासरे ठणठणीत. त्यांना कधी शिंकही येत नाही.

पण मग डोक्यात दुसराच प्रश्न आला. गोळीनं खोकला येतो, तर लग्नसराईत का नव्हता? गोळी तर मी रोज सकाळी हातावर ठेवत होते. संध्याकाळी घरी गेले आणि सासूला सरळ विचारलं. आधी ती चुलीत फुंकर घालत राहिली. मग म्हणाली, "देवाचं काम चालू असताना तोंडात दवाखान्याचं काही घालत नाय मी. लग्नं संपेस्तोवर नाय."

"मग मी द्यायची त्या गोळ्या?"

तिनं हनुवटीनं अंगणाकडं दाखवलं. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. म्हणजे त्या वर्षीच्या लग्नसराईत आमच्या कोंबड्यांचं प्रेशर अगदी नॉर्मल होतं! मला हसू पण आलं आणि तिला गदागदा हलवावंसं पण वाटलं. देवी वगैरे काही नाही, गोळी बंद होती म्हणून गळा मोकळा झाला होता.

मला वाटलं, आता सुटलो. डॉक्टरकडं जायचं, गोळी बदलायची. पण सासूनं ऐकलं आणि तिचा चेहरा असा उजळला, की मी चुकीचं काहीतरी बोलून बसले हे मला लगेच कळलं. "म्हणजे मना नजर नाय, कोप नाय, काय नाय. गोळीच होती. मग संपलं. गोळी बंद." आणि तिनं पट्टी उचलून कौलांच्या खाली वाशात खोचून दिली.

मी समजावलं. दुसरी गोळी असते, सगळ्या गोळ्यांनी खोकला येत नाही. ती म्हणाली, "मना काय दुखतं? काय नाय दुखत. गोळी घेतली की दुखतं. मग आजार कुठला? गोळीच ना?" नवरा म्हणाला, राहू दे, लग्न होऊ दे, मग बघू. मी त्याच्यावरही ओरडले. तो उठून म्हशीला पाणी दाखवायला गेला. म्हैस मघाशीच पाणी पिऊन बसली होती.

मग मी तिला माझ्या बापाची गोष्ट सांगितली. तिला माहीत होता तो प्रकार, पण मी कधी नीट बोलले नव्हते. माझा बाप पण असंच म्हणायचा, मना काय दुखत नाय. एका सकाळी शेताच्या बांधावर उभा होता, कुणाला तरी हाक मारत होता, आणि हाक अर्धी राहिली. खाली बसला. उजवा हात उठेना, तोंड वाकडं झालं. त्यानंतर तो जगला, जेवला, ओटीवर बसून राहिला, पण बोलला नाही. आम्हाला बघायचा आणि त्याच्या डोळ्यांत सगळं असायचं, तोंडातून नुसता आवाज यायचा. माझ्या पोरीला त्यानं मांडीवर घेतलं, पण तिचं नाव त्याला घेता आलं नाही.

"आय," मी म्हटलं, "खोकला आला तर तुझं गाणं थांबेल. लकवा आला तर तुला 'पाणी' म्हणता येणार नाही. मग देवांना हाक कोण मारणार?"

चूल विझत आली होती. ती म्हणाली, "चल उद्या तुझ्या डॉक्टरकडं. पण ऐक. नवी गोळी घेईन, तुझ्या लग्नाच्या दिवशी पण घेईन. आणि त्या दिवशी गाताना एकदा जरी घसा अडकला, तर परत आयुष्यात गोळीचं नाव काढायचं नाय. देवीच्या पायाला हात लावून सांग."

मी लावला हात. दुसरा काही इलाज नव्हता.

डॉक्टरांनी मोजलं, कपाळाला आठ्या घातल्या, परत मोजलं. टेल्मिसार्टन लिहून दिली. म्हणाले, हिच्यानं बहुतेक खोकला येत नाही, पण जुना खोकला जायला काही आठवडे लागतील. त्या "बहुतेक"नं आणि त्या "काही आठवडे"नं माझी झोप उडवली. वैशाख तोंडावर आलेला. सासू रोज सकाळी माझ्यासमोर तोंड उघडून गोळी गिळायची आणि जीभ बाहेर काढून दाखवायची, कोंबड्यांचा संशय नको म्हणून. आणि मी दिवसभर कान देऊन असायची. भाकरी थापताना, भांडी घासताना, ती खोकली का? नवरा म्हणायचा, नवरी लोकं हळदीची काळजी करतात, तू आईच्या घशाची करते. खोकला कमी होत गेला. पण लग्नाच्या आदल्या आठवड्यातही एकदा ती विहिरीवर खोकली, आणि वर माझ्याकडं बघून म्हणाली, "धूळ गेली." विहिरीवर कसली धूळ!

लग्नाचा दिवस उजाडला. सवाशिणींनी चौक लिहिला होता, तांदळाच्या पिठाचा, अजून ओलसर. देवीवर कापड झाकलेलं. डीजेवाल्याला बंद करायला लावलं. मी हळदीनं पिवळी, मुंडावळ्या बांधलेली, शेजारी नवरा, मागे आमची पोरगी नवा फ्रॉक घालून, शाळेतल्या मैत्रिणींसकट. बाईही आल्या होत्या. सासू सुपासमोर येऊन बसली आणि मी हात पुढं केला. हातात गोळी.

ती पुटपुटली, "देव बसल्यावर."

"आत्ता. बोलली होतीस."

"अगो, देवाच्या आधी तोंडात काय घालायचं नसतं. सगळी बघतात."

"मग बघू दे. तू गोळी घेतल्याशिवाय मी बसणार नाही." आणि मी खरंच उठून उभी राहिले. नवरी उभी, हळद ठिबकते आहे, हातात गोळी. नवरा माझा पदर ओढत होता. कुणीतरी मागून म्हणालं, एवढी वर्षं थांबली, आता घाई गोळीची!

सासू मला रागानं म्हणाली, "मेली मी तर दुसरी लावेल तुझं लगीन. कशाला अडून बसलीस?"

"मला दुसरी नको," मी म्हटलं. एवढंच म्हटलं, पण मोठ्यानं म्हटलं.

मग तिनं गोळी घेतली, सुपातल्या तांदळावर ठेवली, दिव्यासमोर सूप उचलून देवीला दाखवलं, आणि तांदळाच्या दोन दाण्यांसकट गोळी तोंडात टाकली. "देवीनं आधी बघितली," ती मांडवाला म्हणाली. कुणाची काय बिशाद पुढं बोलायची! धवलेरी म्हणेल ती रीत. मी खाली बसले.

आणि ती गायला लागली. धरतरी आली, कणसरी आली, डोंगर उतरून हिमाय आली. आवाज सरळ जात होता, कुठं खरखर नाही. मी देवांकडं बघत नव्हते, तिच्या गळ्याकडं बघत होते. तिनं श्वास घेतला की माझा थांबायचा. देव सगळे बसले. मग ती त्या जागेला आली, जिथं सून उंबऱ्यावर येते, घर तिला आत घेतं. इतकी वर्षं मी त्याच घरात होते, पण गाण्यात मी आत्ता येत होते, नवी कोरी, दारात उभी. तिनं माझ्या माहेरच्या गावाचं नाव घेतलं, आणि तिचा घसा अडकला.

संपलं, मला वाटलं. अख्खा मांडव माझ्याकडं वळला. कुणी पाण्याचा तांब्या पुढं केला. सासूनं तो हातानं बाजूला सारला, पदर डोळ्यांना लावला, आणि तीच ओळ परत धरून पुढं गेली, शेवटपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा केला, पण गोळी काढली नाही. देवीच्या पायाला हात लावून शब्द दिला होता. पट्टी डब्यातच ठेवली आणि पाठ करून भाकरी थापायला बसले. डोळे भरून येत होते, ते पिठात पडू नयेत म्हणून मान वर धरली होती.

ती माझ्याजवळ येऊन बसली आणि हात पुढं केला. "दे."

"काल घसा अडकला होता तुझा," मी म्हटलं.

"तो गोळीनं नाय," ती म्हणाली. "तुझ्यामुळं."